तिला घरी पाठवलं

सिल्लोडच्या स्टँडवर माय एसटीची खिडकी धरून रडत होती आणि अप्पा तिच्यावर खेकसत होते, "अगं, कॉलेजला चाललीय पोरगी, सासरला नाय!" संभाजीनगर काही लांब नाही. पण शिकायला गेलेली पोर परत राहायला येत नसते, हे मायला तेव्हाच कळलं असावं. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, तुमच्याही मायांना कळलंच असणार.

मी तत्त्वज्ञान घेतलं. पोरगी ग्रीक लोकांचं काहीतरी शिकतीय, असं अप्पा गावभर सांगायचे. दुसऱ्या वर्षी त्यांना ॲटॅक आला, संभाजीनगरच्याच दवाखान्यात आणलं. माय रडायची थांबेना, म्हणून चुलत्यांनी तिला जीपमध्ये घालून गावाकडं पाठवलं. मला ठेवून घेतलं, कारण डॉक्टरांशी बोलायला शिकलेलं माणूस पाहिजे होतं. संध्याकाळी अप्पा गेले.

नंतर वर्गात ग्रीक संवाद सुरू झाले. तुरुंगात एक म्हातारा, त्याला विष प्यायचंय, भोवती मित्र. बायको रडते, तर तो तिला घरी न्यायला सांगतो आणि मग आत्मा अमर आहे का, यावर दिवसभर चर्चा. सर पुढं गेले, मी त्या बाईपाशीच अडकले.

"सर, तिचं पुढं काय झालं?"

"ते इथं महत्त्वाचं नाही."

आग लागो त्या चर्चेला! मी बाकावर डोकं टेकून रडले. पोरींना वाटलं, डोकं दुखतंय.

आता मी इथंच शिकवते. शहागंजच्या मागं भाड्याचा फ्लॅट आहे. बोलताना 'ॲक्च्युअली' निघतं तोंडातून, माय हसते. इकडं राहायला ये म्हटलं की मात्र म्हणते, "नाय बाई. तिथून मला हाकललंय."

सुट्टीत गावाकडं गेले की चुलीपाशी तिचं अप्पांबद्दल विचारणं सुरू होतं. पाणी मागितलं का? व्हय. लई दुखत होतं का? नाय, माय. माझं नाव काढलं का? मग मी सांगते, "डोळे उघडून म्हणले, तुझी माय कुठंय?"

"मंग? गेली म्हणलीस का पाठवली म्हणलीस?"

"पाठवली म्हणलं. जात नव्हती, म्हणलं."

"ऐकलं का त्यांनी?"

मी सांगेपर्यंत अप्पांचे डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, मला खरंच माहीत नाही. पण मी व्हय म्हणते. घर म्हणून आता एवढंच उरलंय, तिनं विचारायचं आणि मी व्हय म्हणायचं.