गणूची काच

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... पण आता दिवस थोडे उरलेत आणि हे मनात ठेवून जायचं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. महाडला माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. वीज नव्हती, फोटो उन्हात छापायचे. त्यासाठी निगेटिव्हची काच फोटोएवढीच लागे. मोठा फोटो हवा असेल, तर लहान काचेवरून आधी मोठी काच करायची.

कुडपणहून सखूबाई आली. तिचा एकुलता एक गणू मुंबईला गिरणीत होता. तिकडेच वारला, तिकडेच जाळला. गाव सोडताना त्याने माझ्याकडे फोटो काढला होता. घरची प्रत वाळवीने खाल्ली. उरली माझ्याकडची लहान काच.

"मोटा करून दे रे बाबा. शेवटचं तोंड बी नाय बगाय मिळालं मला."

"आठवडा लागेल मावशी. उन्हाचं काम आहे."

"उनात मान्सं काळी व्हतात, तुजा कागद बी व्हतो व्हय?" ती हसली.

काचेवर बुरशी होती, म्हणून धुवायला घेतली. वैशाख होता. विहिरीचं गार पाणी काढायचा कंटाळा केला आणि अंगणातल्या घंगाळातलं घेतलं – उन्हाने तापलेलं. काचेवरचा थर सायीसारखा सुटला. गणूचा चेहरा माझ्या बोटांवरून मोरीत गेला.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. बिरवाडीच्या एका तरुणाची काच घेतली, अंगलट साधारण तशीच. तिच्यावरून मोठी निगेटिव्ह केली, पेन्सिलीने मिशी पातळ केली आणि फोटो छापला.

सखूबाईने तो मांडीवर घेतला. फोटोतल्या कानावरून बोट फिरवलं.

"पाळी बी आली गो बाय... ल्हानपनी बैलानं फाडलेली."

मी वाकून पाहिलं. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. चेहराही बिरवाडीच्या तरुणाचा नव्हता.

ती गेल्यावर निगेटिव्ह उजेडाला धरली. पाळी धड! त्याच काचेवरून चार प्रती छापल्या – चारही बिरवाडीच्या तरुणाच्या.

ती घरी त्या फोटोशी रोज बोलते, असं कुडपणहून बाजाराला येणारी माणसं सांगत. मग ती कोणाशी बोलत होती? या विचाराने जेवण जाईना. सगळं कबूल करायला दोनदा कुडपणच्या चढापर्यंत गेलो आणि परतलो. कोणाला बोललो नव्हतो. तिसऱ्यांदा वर पोचलो, तर ती दारातच होती.

"आलास? दोनदा खालनंच माघारी गेलास म्हनं. गणू सांगत व्हता."

भिंतीवर फोटो होता. मला वर बघवेना.

"काय सांगायचं व्हतं रे?"

"फोटोला ओल लागू देऊ नका," एवढंच बोललो आणि उतरलो.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. फोटोचं काय झालं, कोणाला ठाऊक नाही. त्या एका प्रतीत गणू कुठून आला, हे मला आजही कळलेलं नाही. तिथे, त्या दारात, म्हणायचं होतं ते इतकंच – मावशी, तुमच्या गणूची काच माझ्या हातून गेली. मी तुम्हाला दुसऱ्याचं पोर दिलं. मला माफ करा.