निर्गुडीचा लेप आणि डॉक्टरांचा घोटा

एका दवाखान्यात माणसं वर्षानुवर्षं राबली की औषधं संपतात, किस्से मात्र उरतात! महाडच्या आमच्या दवाखान्यात तर ते बाटल्यांपेक्षा जास्त होते. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. मी कंपाउंडर आणि गोगटे डॉक्टर आमचे साहेब. तापट, हट्टी, पण माणूस सोन्यासारखा.

डोंगरातले लोक सुजेवर निर्गुडीचा पाला ठेचून बांधायचे. डॉक्टर म्हणायचे, "गुण येत असेलही, पण पुरावा कुठाय? तो मिळाला ना, की कुडपणच्या म्हातारीला बाटलीसाठी अख्खा डोंगर उतरायला नको!" या एका गोष्टीसाठी ते इरेला पेटले होते.

*

प्रयोगासाठी पांढरे उंदीर मुंबईहून एस.टी.ने आणले. मांडीवर पिंजरा घेऊन डॉक्टर स्वतः बसलेले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, महाडात काय उंदरांचा दुष्काळ पडलाय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे शिकलेले आहेत!"

शेजारचा पॅसेंजर सावरून बसला.

*

उंदराच्या पायात अंड्याचं पांढरं टोचायचं, की पाय सुजायचा. मग निम्म्यांना लेप लावायचा, निम्मे तसेच ठेवायचे. पिंजऱ्यांची देखभाल उमरठच्या जनाकाकूंकडे होती. अंडं बघून त्या कडाडल्या, "अवो डाक्टर, उंदराला अंडं? माझ्या नातवाला खायाला नाय नि ह्येंना सुईनं?"

दुसऱ्या दिवसापासून वाटणी ठरली. पांढरं उंदरांना, पिवळं नातवाला!

*

पहिल्या प्रयोगात धाग्याने पाय मोजले. लेपवाले आणि बिनलेपवाले, सगळ्यांची सूज सारखीच उतरलेली! फरकच नाही म्हटल्यावर डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "संपलं. पाला तो पालाच."

पिंजरे आवरताना मी बिनलेपाचा एक उंदीर उचलला, तर पाय हिरवागार!

"जनाकाकू!"

"मंग काय करू? एकाला लावायचा नि एकाला नाय, ह्यो कुठला न्याय? त्येचा पाय दुखत नाय का?"

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण डॉक्टर हसत सुटले. पिंजऱ्यांना कुलूप लागलं, किल्ली डॉक्टरांच्या कमरेला गेली आणि दुसऱ्या खेपेला फरक असा लख्ख दिसला की त्या दिवशी आम्हा सगळ्यांना भजी मिळाली.

*

आता माणसांवर बघायचं ठरलं. कुडपणला निम्म्या घरांना सांगितलं, लेप लावा. निम्म्यांना सांगितलं, थोडं थांबा. आठवड्याने जाऊन बघतो तर घरोघरी हिरवे गुडघे!

तिथले राघूतात्या म्हणाले, "पाट्यावर वाटलं की शेजारी वाटीभर जातंच, डाक्टर. शेजारीण कण्हत ऱ्हायली नि मी लेप लावून बसू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तात्या, विज्ञानाला तुमच्यासारखे शेजारी परवडायचे नाहीत!" पण उतरताना वाटभर त्याच माणसांचं कौतुक करत होते.

*

त्याच उतरणीवर डॉक्टरांचा पाय मुरगळला. घोटा हा एवढा सुजला! कसंबसं उमरठला जनाकाकूंच्या घरी आणलं. काकू निर्गुडीकडे धावल्या.

"खबरदार!" डॉक्टर ओरडले. "लेप न लावलेला एक माणूस ह्या डोंगरात मिळेना. आता मिळालाय. सूज आपली आपण किती उतरते, ते मला बघायचंय."

शर्थ झाली या माणसाची! पाय टेकवत नव्हता, पण दात-ओठ खात स्वतःच धाग्याने घोटा मोजत होते. अंगणात अख्खी वाडी चुकचुकत बसलेली. दुपारी जेवून डॉक्टरांचा डोळा लागला. काकूंनी मला विहिरीवर पाण्याला पिटाळलं.

घागर घेऊन परत येतो तर आतून गर्जना ऐकू आली, "कोणी लावला हा?"

पाय पोटरीपर्यंत हिरवा! अंगणात प्रत्येकाचे हात पाठीमागे.

"बोला! कोणी लावला?" म्हणत डॉक्टर तरातरा चालत उंबऱ्यापर्यंत आले.

सगळे त्यांच्या पायाकडे बघत राहिले. जनाकाकू पदर सावरत म्हणाल्या, "आमाला काय ठावं डाक्टर? किल्ली तर तुमच्याच कमरेला हाय!"