मेंढरांबरोबर आहे, जय हिंद

कोरेगावचे जोतीराम बर्गे फौजेच्या सिग्नल दलातून सुभेदार म्हणून घरी आले, पण त्यांच्यातला सिग्नलवाला काही घरी यायला तयार नव्हता. जुन्या सोबत्यांसाठी त्यांनी ईमेलचा एक गट चालवला होता. एका पत्त्यावर मेल टाकली की साताऱ्या-सांगलीतल्या साऱ्या सोबत्यांना ती पोचायची. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते गुलाब येतात, इथं माणसं लिहितात, असं ते ऐटीत सांगत.

एके दिवशी या गटाला खोड लागली. जो कुणी लिहील त्याला लगेच उत्तर यायचं, ‘निरोप मिळाला. सध्या मेंढरांबरोबर आहे. जय हिंद.’ खाली नाव नाही. ज्या पत्त्यावरून यायचं तो पत्ता गटात कुणाचाच नाही. पाटणच्या कृष्णातनं मेव्हण्याच्या दहाव्याची वेळ कळवली, तर त्यालाही तेच, मेंढरांबरोबर आहे.

कृष्णात भडकला. त्यानं सगळ्यांना लिहिलं, “सुभेदारसाहेब, तुमच्या लायनीत मेंढरं शिरल्यात. रविवारपत्तुर हाकलली न्हाईत, तर आमी सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर चाललो.” बऱ्याच जणांनी खाली “व्हय, व्हय” केलं.

सुभेदारांना जेवण गोड लागेना. त्यांच्या बायको शालूबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “आवं, आख्खी सरहद्द राखली म्हणता, आन् एक मेंढरू गावंना व्हय?”

हे त्यांना लागलं. फौजेत टेलिफोनची तार कुठं तुटली हे शोधायला कुणी अख्खी तार चालत बसत नसे. मधोमध जायचं, दोन्हीकडं घंटी द्यायची. जी बाजू मुकी, तिचे पुन्हा दोन भाग. सुभेदारांनी तेच केलं. अर्ध्या लोकांना ‘चाचणी’ म्हणून मेल टाकली. सातारकर गप्प. सांगलीकरांना टाकली, तर लगेच मेंढरं हजर. मग सांगलीचे दोन भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. असं करत करत एकच नाव उरलं, जत तालुक्यातला बिरदेव कोळेकर.

त्यांनी बिरदेवच्या घरी फोन लावला. सून सोनमनं उचलला.

“सोनम, आबा कुठं हाईत?”

“मेंढरं घेऊन कराडकडं गेल्यात, काका. रानात मुक्काम. मोबाईल कवा चालू असतोय, कवा न्हाई.”

“मग मेलला उत्तर कोण देतंय?”

“आपोआप जातंय. मीच लावलंय. आबांना नवा पत्ता काढून दिला, जुन्यावरचं सगळं तिकडं वळवलंय.”

“पण लावलंस कशापायी?”

“रागावू नका काका. आबा जाताना म्हणाले, निरोप आला आन् पोच गेली न्हाई, तर सुभेदारसाहेब काय म्हणतील? तुमी म्हणं एकदा त्यास्नी पाठीवर तारंचं बंडल देऊन मैदानाला पळवलंवतं. पोच द्यायची राहिली म्हणून.”

नव्या पोरांवर आपण काय ओरडायचो ते सुभेदारांना शब्दन् शब्द आठवलं. आधी पोच, मग श्वास.

“धरलं का मेंढरू?” शालूबाईंनी चुलीपासून विचारलं.

“धरलं. पण कानाला बिल्ला माझाच हाय.”

“बंद करू का, काका?” सोनम म्हणाली.

“बंद नको. बाकीच्यांचं थांबीव. माझ्या मेलला तेवढी पोच येऊ दे.”

संध्याकाळी गटावर मेल गेली, “फॉल्ट सापडला. लाइन चालू.” कृष्णातनं लगेच विचारलं, “कोण हुता त्यो? नाव सांगा साहेब. मेळाव्यात त्येला घोंगडं पांघरवून मिरवतो.”

सुभेदारांनी बराच विचार करून लिहिलं, “फॉल्ट मुख्य ठाण्यात होता.” कृष्णातला ते कळलं नाही, पण त्याच्या मेलमागोमाग मेंढरं आली नाहीत, म्हणून त्यानं विषय सोडला. गट जागच्या जागी राहिला.

मग सुभेदारांनी एकट्या बिरदेवला विचारलं, “चारा-पाणी हाय का रं?” क्षणात उत्तर आलं, ‘निरोप मिळाला. सध्या मेंढरांबरोबर आहे. जय हिंद.’ सुभेदारांना बरं वाटलं. सवयीनं त्यांनीही ‘जय हिंद’ लिहून धाडलं. पुन्हा पोच आली. त्यांनी पुन्हा जय हिंद केला.

“आवं, मशीन हाय त्ये,” शालूबाई म्हणाल्या, “त्ये काय आधी थांबायचं न्हाई. तुमीच थांबा.”