ड्रोनला दम लागला

माझ्या सासऱ्यांचा गुडघा सोलापुरात बदलला. त्यांना घरी आणलं, आणि आठवड्याभरातच आम्हाला कळून चुकलं की घरच्यांना गुडघ्यापेक्षा त्यांच्या रिकामपणाचाच त्रास जास्त होणार. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. मामांची सगळी नोकरी ईट गावात आणि आसपासच्या शाळांत मास्तरकी करण्यात गेली. समोर वर्ग नसला की त्यांना करमत नाही. तुळजापुरातल्या आमच्या घरात, हॉलमधल्या खुर्चीत बसून ते पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्यानं वाचायचे आणि त्या आम्हीच केल्यासारखे आमच्याकडं बघायचे.

शेवटी पुण्याच्या नणंदेनं त्यांच्यासाठी एक ड्रोन पाठवलं. तळहाताएवढं, घरातल्या घरात उडवायचं. चार कोपऱ्यांना चार बारीक मोटारी, प्रत्येकीवर नखाएवढी पाती, आणि पात्यांभोवती प्लास्टिकची कडी.

मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "घरात उडवायला परवानगी लागत न्हाय ना?"

"नाही लागत, मामा."

"न्हाय, नवरात्रात गावात उडवू देत न्हाईत, म्हणून म्हणलं."

सुरुवातीला ते पडद्यात अडकलं, मग देव्हाऱ्यावर आपटलं, मग वरणाच्या पातेल्याला चाटून गेलं. पण मामांचा हात लवकर बसला. खुर्चीत बसल्या बसल्या ते ड्रोनला टीव्हीभोवती फेरी मारून आणू लागले. उतरवताना "सावकाश, सावकाश" असं त्यालाच समजावायचे. मी त्याचा फायदा घेतला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पाय सरळ वर उचलायला सांगितला होता आणि मामा तो उचलत नव्हते. ड्रोनची बॅटरी चहा निवेपर्यंत चालायची आणि चार्ज व्हायला बराच वेळ घ्यायची. मी नियम केला, की चार्जरचा दिवा लाल असेपर्यंत पाय उचलायचा. मामा कुरकुरले, पण उचलू लागले.

अडचण एकच होती. त्याच हॉलमध्ये, खिडकीच्या उजेडात, आत्या लक्षवाती करत बसायच्या. कार्तिकात देवीपुढं लाख वाती लावायचा त्यांचा संकल्प होता. माहेराहून, माकणीहून, कापूस आला होता. त्यातली सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, दुधाचं बोट लावून वात वळायची, आणि ताटात मांडायची. ड्रोन वरून गेलं की ताटातल्या वाती उठून पळायच्या.

आत्यांनी फरशीवर रांगोळीची रेघ मारली. "ह्याच्या अलीकडं आणायचं न्हाय."

"अगं, आकाशाला कुठं हद्द असती का?" मामा म्हणाले.

"आकाशाला नसंल. माझ्या कापसाला हाय."

मामा आत्यांसमोर रेघ पाळायचे. आत्या स्वयंपाकघरात गेल्या की ड्रोन रेघेपलीकडं जाऊन यायचं.

असं चाललं असताना एक दिवस ड्रोननं वर जायला नकार दिला. सुरू झालं, आवाज केला, सोफ्याच्या हातापर्यंत चढलं आणि तिथून हळूहळू खाली बसलं. मामांनी रिमोटची काडी पूर्ण पुढं ढकलली. ड्रोन कण्हलं, एका अंगावर कललं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं घसरत गेलं.

"भूक लागली असंल त्याला," आत्या म्हणाल्या.

मामांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ड्रोन टेबलावर आणि मामा भिंतीकडं तोंड करून.

"मामा, व्यायाम?"

"कशाला? त्याला चढता येईना, मला तरी काय येणाराय."

तेव्हा मी पदर खोचला. मी विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना विद्युत परिपथ समजावते. मला वाटलं, जेवणाच्या आत हे प्रकरण मिटेल.

पहिला संशय बॅटरीवर. ती फुगली आहे का पाहिलं, फुगली नव्हती. डब्यात दुसरी बॅटरी होती, ती रात्रभर लावून ठेवायला नको म्हणून माझ्या डोळ्यांसमोर चार्ज करून घातली. ड्रोन पुन्हा सोफ्याच्या हातापर्यंतच. म्हणजे बॅटरी निर्दोष सुटली. जोडणीची पिन सैल आहे का म्हणून दाबून पाहिली. तीही घट्ट.

माझे यजमान वीज कार्यालयात बिलांच्या टेबलावर आहेत. ते जेवायला आले तेव्हा मामांनी त्यांना पुढं बोलावलं. "तू विजेतला माणूस. ह्याची पावर कुठं जाती सांग."

त्यांनी ड्रोन हातात घेतलं, गंभीरपणे वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "व्होल्टेज कमी पडत असणार. संध्याकाळी सगळ्या लॉजमध्ये गिझर लागतात ना."

"ते बॅटरीवर चालतंय," मी म्हणाले.

"मग बॅटरी त्याच व्होल्टेजवर चार्ज झाली की न्हाय?" असं म्हणून ते समाधानानं जेवायला बसले.

मामा म्हणाले, "इतकी वर्षं ह्यानं आकडेच टाकले. तार बघितलेलीच न्हाय."

दुसरा संशय पात्यांवर. त्यांवर धूळ दिसत होती, म्हणून मी चारही पाती उपसून साबणाच्या पाण्यात धुतली, वाळवली आणि बसवली. मामा खुर्चीत पुढं सरकले. मी "हं" म्हणाले. ड्रोननं जागच्या जागी कोलांटी मारली आणि फरशीवर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तडफडायला लागलं.

"आधी निदान बसत तरी होतं नीट," मामा म्हणाले.

माहितीपत्रक शोधलं. त्यात लिहिलं होतं की दोन पाती एका दिशेनं फिरणारी असतात आणि दोन उलट्या. ती कर्णावर समोरासमोर बसवायची. मी चारही एकसारखी समजून बसवली होती. मामांनी पत्रक माझ्या हातून घेतलं, चष्मा लावला आणि पुढचा अर्धा तास मला समोर उभं करून ते शिकवलं. भिंतीकडं तोंड करून बसलेला माणूस निदान इकडं वळला, म्हणून मी मुकाट्यानं शिकले. पाती नीट बसवली. ड्रोन पुन्हा सोफ्याच्या हातापर्यंत.

मग मी ते उलटं केलं, तर पोटाला देवीचं छोटं चित्र चिकटवलेलं. जाड पुठ्ठ्याचं.

"आत्या?"

"मग काय करू? सारखं पडायलंय. म्हणलं, सांभाळ गं बाई."

एवढ्याशा जिवाला तेवढं वजनही जड होतं. पण चित्र काढायचं कसं, हा घरात अवघड प्रश्न झाला. आत्यांनीच तोडगा काढला. चित्र काढून देव्हाऱ्यात ठेवलं आणि ड्रोनच्या कपाळावर कुंकवाचं बोट लावलं. "कुंकवाला वजन नसतंय," त्या म्हणाल्या. ड्रोन सोफ्याच्या हातापेक्षा चार बोटं वर गेलं, आणि मग बसलंच.

खाली बसलेलं ड्रोन उचलताना माझं बोट एका मोटारीला लागलं आणि चटका बसला. बाकीच्या तीन कोमट होत्या, ही तापलेली. ड्रोन कलायचं तेही त्याच अंगाला. मी बॅटरी काढली आणि एकेका पात्यावर फुंकर मारली. दोन गरगरली. तिसरं आळसात फिरलं. तापलेल्या मोटारीवरचं चौथं अर्धा फेरा घेऊन थांबलं, जणू कुणी धरून ठेवलंय.

मामांनी पेपर वाचायचं भिंग काढलं. आत्यांनी पायातला काटा काढायचा चिमटा आणला. मी पातं उपसलं आणि भिंगातून पाहिलं. पात्याखालच्या दांडीवर काहीतरी पांढरं घट्ट गुंडाळलेलं होतं. चिमट्यानं टोक धरून ओढलं. ते येत राहिलं, येतच राहिलं.

"कापूस!" मामा ओरडले. असा आवाज त्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काढला होता. "बघ! तुझ्या वातींनी गळा आवळला त्याचा!"

आत्या शांत होत्या. "माझा कापूस रेघेच्या आत होता. तो तिथं गेला कसा?"

मामांनी रिमोट मांडीआड सरकवला.

"मी स्वयंपाकघरात गेले की आवाज मोठा व्हायचा. मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"

मामांनी भिंग पुसायला घेतलं. त्या दोन मोटारींतून मिळून चिमूटभर कापूस निघाला. आत्यांनी तो तळहातावर घेतला, फुंकून साफ केला, दुधाचं बोट लावलं, वात वळली आणि ताटात ठेवली.

मी बॅटरी घातली. ड्रोन सोफ्याचा हात ओलांडून, टीव्ही ओलांडून, सरळ छतापर्यंत गेलं. मामांनी दोन्ही हात वर केले, रिमोटसकट, त्यामुळं ते छताला आपटून खालीही आलं. पण पडलं ते ताकदीनं पडलं. त्या दुपारी चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत मामांनी न सांगता पाय उचलला.

पण आत्यांनी निकाल दिला: वाती संपल्याशिवाय हॉलमध्ये उड्डाण बंद. लक्षवाती संपायला अजून कितीतरी दिवस होते. मामांनी हिशेब केला आणि म्हणाले, "आण इकडं थोडा कापूस."

मामांच्या वाती बोटाएवढ्या जाड व्हायच्या. आत्या एकेक उचलून बघायच्या, उलगडायच्या आणि त्यातून तीन करायच्या. तरी मामा वळत राहिले. एकदा ते असे मान खाली घालून वळत असताना आत्यांनी ताटावर ओला फडका टाकला आणि रिमोट उचलला. "नुसतं बघते," म्हणाल्या.

ड्रोन उठलं. धडपड नाही, आपटणं नाही. टीव्हीला वळसा घालून ते पडद्यासमोर थांबलं आणि तिथंच तरंगत राहिलं. मी दारात उभी राहून पाहत होते. मामांच्या हातातला कापूस तसाच.

"डावीकडं घे! अगं, डावीकडं! भिंत हाय!"

"दिसतीया मला भिंत," आत्या म्हणाल्या. त्यांची नजर ड्रोनवरून हलली नाही. "तुम्ही पाय उचला."

मामांनी पाय उचलला. आत्यांनी ड्रोन त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या वीतभर वर आणून थांबवलं आणि म्हणाल्या, "हितपर्यंत."