बैल काही लोखंडासारखे उभे राहत नाहीत

तो संध्याकाळच्या गाडीने मिरजेहून बंगलोरला निघणार होता. नवी नोकरी. विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघेच. म्हणजे उद्यापासून मी एकटी.

जाण्याआधी एकच काम उरलं होतं. त्याने ड्रायव्हरमध्ये केलेली दुरुस्ती मी तपासायची. कोरेगावकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गाडीचं वजन काट्यावरून थेट कॉम्प्युटरवर येई. काट्याचं कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला छोटा प्रोग्राम, म्हणजे हा ड्रायव्हर, आमचा. मागच्या हंगामात तो घाई करायचा. गाडी हलत असतानाच आकडा उचलायचा आणि पावती चुकायची. आता पुढचा हंगाम तोंडावर आला होता.

आमची पद्धत ठरलेली. ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने छापील कागद घ्यायचा, लाल पेन घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं.

"बरोबर हाय ओ ताई. सकाळपासनं वजनं ठेवून बघतोय," तो म्हणाला. बॅग खांद्यालाच होती.

टेबलावरच्या लहान काट्यावर त्याने लोखंडी वजनं ठेवून पाहिली होती. ड्रायव्हर आता आकडा स्थिर होईपर्यंत थांबत होता. छान. पण थांबताना त्याने सगळे इंटरप्ट, म्हणजे मशीनला मध्येच हाक मारायचे रस्ते, बंद ठेवले होते. तेवढा वेळ कीबोर्डने हाक मारली तरी मशीनला ऐकू जाणार नव्हती.

मी वाचायची थांबले. आधी मनात आलं ते हे, की आता याला राहावं लागेल. बरंही वाटलं. मग शंका आली. चूक खरंच आहे, की मला ती हवी आहे? पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. चूक होतीच.

"काट्यावर गाडी येते तेव्हा बैल जुंपलेलेच असतात," मी म्हणाले. "एकाने माशी उडवायला मान हलवली की आकडा हलणार. तुझं थांबणं काही संपायचं नाही. कारकुनाने रद्द करायचं म्हटलं तर कीबोर्ड मुका. मागे गाड्यांची रांग."

त्याने कागद ओढून घेतला, पाहिला. "आयला. आमच्या जतला ऊस कुठला ओ? मेंढरं. ती तर जन्मात एका जागी थांबायची न्हाईत." मग बॅग खाली ठेवली. "राहतो दोन दिवस. फोन करतो त्यांना."

परवा हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी नुसतं बरं म्हटलं असतं तरी तो राहिला असता.

"काही नको. इंटरप्ट चालू ठेवायचे आणि थांबण्याला मर्यादा घालायची. मी करते. तू नीघ."

"आणि तुमचं कोण तपासणार?"

"ते बघते मी. तिथे कन्नडमधून भांडत बसू नकोस."

"आवं, त्याच्यासाठीच तर घेतलंय मला."

गेला. बदल फार मोठा नव्हता. तो झाल्यावर कागद छापले आणि रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्याने वाचले. 'हे कशाला?' असं मध्येच विचारणारं कुणी नव्हतं. स्वतःचंच लिहिलेलं, सगळं बरोबरच वाटत गेलं.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी काट्यावर गेले. बैल मान हलवत, ड्रायव्हर थांबे, मग पावती निघे. कारकून दोनदा म्हणाला, "आवं मॅडम, जावा की आता. चाललंय की चांगलं."

पण माझं कुणी तपासलं नव्हतं. म्हणून दिवसभर येईल ती गाडी मीच बघत बसले.