गोलसमोरचं गवत

कात्रजच्या अलीकडे महापालिकेचं एक मैदान होतं, त्यावर आमचा फुटबॉल क्लब खेळायचा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि आम्ही सुखी. मग आयटी आली. भोवती टोलेजंग इमारती उठल्या आणि त्यांच्या गाड्या थेट आमच्या गोलसमोर उभ्या राहू लागल्या. उरलेल्या जागेत लग्नाचे मांडव. कॉर्नर घ्यायचा तर आधी आचाऱ्याची परवानगी काढावी लागे.

मैदान हातचं जाणार या धास्तीनं क्लबनं ते भाडेपट्ट्यानं घ्यायचं ठरवलं. धावपळ केली आमच्या अध्यक्षांनी. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तरुणपणी ते याच क्लबचे बचावपटू होते. चेंडू एक वेळ त्यांना चकवून जाई, माणूस जात नसे. पालिकेतल्या साहेबांनी "फुटबॉल? क्रिकेट का नाही?" एवढंच विचारलं आणि करार झाला. त्या संध्याकाळी काकांना खांद्यावर घेऊन आम्ही नाचलो.

करारात एक अट होती : मैदान सुस्थितीत ठेवावे. अशा अटी वाचतं कोण? काकांनी वाचली. गाड्या हटल्या, मांडव हटले, कुंपण आलं, लॉन आलं. आणि पुणेकराच्या ताब्यात जागा आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पाटी लागली : "गवत वाढत आहे. खेळाडूंनी वाट पाहावी."

पाहिली. आधी गवत मुळं धरत होतं. मग ते नुकतंच कापलेलं होतं. मग पावसानं जमीन मऊ झाली होती. दुसरी पाटी आली : "बूट घालून आत येऊ नये. अनवाणी तर मुळीच येऊ नये." शेवटी तिसरी : "आत चेंडू आणू नये." आम्ही मागच्या गल्लीत स्कूटरींमधून सराव करायचो. सामन्यात समोर स्कूटरी नसल्या की गोंधळायचो आणि हरायचो. रविवारी कुंपणाबाहेर चहा पीत गवताचं कौतुक करायचो.

"काका, एक मॅच तरी खेळू द्या हो."

"आणि करार गेला तर कुठे खेळाल?"

आम्ही चेंडू काखेत मारून पुन्हा गल्लीत गेलो.

कराराची मुदत संपत आली तेव्हा साहेब पाहणीला आले. फाटकाशी त्यांनी आपणहून चपला काढल्या. काकांची छाती फुगली. साहेब गोलपाशी जाऊन खाली वाकले.

"इथे खेळतं कोण?"

"आमचा क्लब, साहेब. फार जुना आहे."

"अहो, खेळत्या मैदानात गोलसमोर कधी गवत टिकतं का?"

उमेदीची सारी वर्षं काकांनी त्याच जागेवर माती उडवत घालवली होती.

"इतकी सुंदर बाग आमच्या उद्यान खात्यालाही जमली नाही," साहेब म्हणाले. ते मनापासून बोलत होते, हेच वाईट.

करार पुढे वाढला नाही. मैदानाचं उद्यान झालं. गोलचे खांब उपटले, बाकं आली, चालायला फरसबंदी झाली. मला काकांचा राग यायला हवा होता. पण कुंपण धरून उभे असलेले काका पाहिले आणि त्यांच्यासाठीही एक चहा सांगितला.

पालिकेनं सगळं नवं केलं, पाटी तेवढी बदलली नाही. गरजच नव्हती. "आत चेंडू आणू नये" ही पाटी अजून फाटकावर आहे, आणि खाली काकांनी रंगवून घेतलेली ओळ : "हुकमावरून, फुटबॉल क्लब."