खडखडणारा टेबल फॅन आणि सायमाची सीईटी

रशीदा, तुला आठवतंय? दहावीला तुमच्या कारखान्यावरच्या खोलीत आपण अभ्यासाला बसायचो. खाली कापड विणणारे लूम धडधडत असायचे, कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या... आणि आपण दोघी ओरडून ओरडून इतिहासाची उत्तरं म्हणायचो.

मध्येच एखादा लूम थांबला की तू वाक्य अर्धवट सोडून मान वर करायचीस. तो परत सुरू झाला की पुढचा शब्द तिथूनच उचलायचीस. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटायचं नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. रशीदा माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, आता पनवेलला असते. तिच्या भावाची, म्हणजे सलीमभाईंची मुलगी सायमा इथेच भिवंडीत बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला वकील व्हायचं होतं, त्यासाठी लॉची सीईटी द्यायची होती.

सलीमभाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, एक बार कोशिश करने दो. नंबर लागला तर वकिली, नाहीतर आपासारखं बी.एड." मोठ्या बहिणीच्या बी.एड.चं नाव निघालं की सायमाचा चेहरा उतरायचा.

घरी लूमचा आवाज, म्हणून तिला अभ्यासाला माझ्याकडे पाठवायचं ठरलं. मी एकटी, टीव्हीसुद्धा क्वचित लावते. डायनिंग टेबल रिकामं केलं, खिडक्या लावून घेतल्या... आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरना अभिमान वाटावा अशी शांतता तयार केली.

आणि पोरीचे मॉक टेस्टचे मार्क घसरायला लागले! दिलेली उत्तरं बरोबर, पण पेपर काही पूर्ण होईना. दर थोड्या वेळाने मान वर, नजर कुठेतरी भलतीकडे, मग तोच पॅसेज पुन्हा पहिल्यापासून.

मला आधी वाटलं, मोबाईल. तो स्वयंपाकघरात ठेवला. मग वाटलं, भूक लागत असेल. थालीपीठ करून घातलं... थालीपीठ संपलं, पण मान वर जायची ती जायचीच.

एका दुपारी सीलिंग फॅन बिघडला, म्हणून माळ्यावरून आमच्या ह्यांचा जुना टेबल फॅन काढला. लावला मात्र, आणि खड् खड् खड् खड्... मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, आजच्या दिवस चालवून घे गं.

त्या दिवशी सायमाची मान वर आलीच नाही. पेपर वेळेआधी संपला.

"आंटी, हा पंखा आमच्या कारखान्यासारखा बोलतो," ती हसत म्हणाली. "एकदम शांत झालं ना, की मला वाटतं, कुछ टूट गया."

मला चटकन तू दिसलीस, रशीदा. तुमच्या घरात शांतता म्हणजे कुठेतरी धागा तुटल्याची खबर... आणि आम्ही शहाणे त्या मुलीला मुद्दाम शांततेत आणून बसवत होतो!

पण परीक्षेच्या हॉलमध्ये आमचा पंखा कोण नेऊ देणार? मग एक युक्ती केली. पंखा चालू ठेवायचा, पण हळूहळू लांब न्यायचा. आधी टेबलाजवळ, मग बेडरूममध्ये, मग स्वयंपाकघरात, शेवटी एक्स्टेन्शन लावून गॅलरीत.

शेजारच्या पाटीलवहिनींनी विचारलंच, "काय हो, गॅलरीला उकडतंय का?"

मग एक दिवस मी तो बंद केला. सायमाची मान वर... माझ्याकडे बघितलं. मी नुसतं म्हटलं, "काही तुटलं नाही गं." ती परत पेपरात शिरली.

परीक्षेच्या दिवशी सेंटरबाहेर मी आणि सलीमभाई उभे होतो. सायमा बाहेर आली ती आधी माझ्याकडे. "दोनदा मान वर गेली, आंटी. मीच मला सांगितलं, कुछ नहीं टूटा... पेपर पूरा किया."

परवा ठाण्याच्या लॉ कॉलेजात तिची अ‍ॅडमिशन झाली. सलीमभाई पेढे घेऊन आले. आयुष्यभर लूमच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे "ताई, हमारे घर में वकील!" हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. बी.एड.चा विषय कुणीच काढला नाही.

आता डायनिंग टेबल पुन्हा रिकामं झालंय... पण घरातली शांतता आता पहिल्यासारखी वाटत नाही. मधूनच मीही मान वर करून बघते. काही तुटलेलं नसतं. बरं वाटतं.

तर आता वाटणी. सायमाची लीगल अ‍ॅप्टिट्यूडची पुस्तकं आणि मॉक पेपर तिच्या मैत्रिणीला, पूर्णा गावातल्या प्रियांकाला... ती पुढच्या वर्षी बसतेय. माझी शाळेतली डिक्शनरी सायमाला, कायमची. पेढ्यांचा अर्धा बॉक्स पाटीलवहिनींना, गॅलरी सहन केल्याबद्दल.

रशीदा, तुझ्यासाठी नानखटाई करून ठेवलीय. ती मी कुणाबरोबर पाठवणार नाही, स्वतः येऊन घ्यायची.

आणि टेबल फॅनही प्रियांकालाच. तिचं घर गोडाऊनला लागून आहे, बाहेरचे ट्रक थांबले की तिला जाग येते म्हणे... फक्त एक सांगून ठेवते, त्या पंख्याला तेल कुणी घालायचं नाही.